बेवारस टॅप

१

टॅप झाला होता यावर आठशे माणसांत एकाच माणसाचा विश्वास होता, आणि तो माणूस नेमका पंच होता.

शनिवारी संध्याकाळी काराकोलच्या क्रीडा सभागृहात पंच झेनिशबेकने जाळीच्या पिंजऱ्यातली शेवटची लढत मध्येच थांबवली. नारीनच्या बेकबोलोतने काराकोलच्या नुरतिलेकचा गळा मागून आवळला होता आणि दोघं जाळीला खेटून जमिनीवर पडले होते. तेवढ्यात झेनिशबेक त्यांच्यावर झेपावला आणि त्याने त्यांना सोडवलं. नुरतिलेकने टॅप केलं, म्हणजे हरलो म्हणून तळहात आपटला, असं त्याने जाहीर केलं. सुटल्याबरोबर नुरतिलेक ताडकन उभा राहिला आणि किंचाळला, ''कुणी केलं टॅप? बाइके, अहो दादा, कुणी केलं?'' पुढची वीस मिनिटं सभागृहात जे झालं त्यात चार खुर्च्या आणि एका पोलिसाची टोपी कामी आली.

रविवारी सकाळी कलबुबू थंडगार आश्ल्यान-फूचा, म्हणजे आंबट-तिखट शेवयांचा, वाडगा पुढे घेऊन बसली होती. पहिला घास तोंडात जातोय तोच दार वाजलं. तिने डोळे मिटून घेतले. दार उघडलं नाही तर माणूस निघून जातो अशी तिची कित्येक वर्षांची आशा होती, आणि ती एकदाही खरी ठरली नव्हती.

कलबुबू साठीला टेकलेली होती. सव्वीस वर्षं पोलिसांत तपासाचं काम केल्यावर आता जर्दाळूच्या झाडांना पाणी घालत बसायचं, असं तिने ठरवलं होतं. पण जिल्ह्याच्या संघटनेने तिला तक्रार समितीचं अध्यक्ष केलं. पगार नाही, खोली नाही, आणि प्रत्येक हरलेल्या पैलवानाला तिच्या घराचा पत्ता पाठ! सगळा काराकोल तिला एजे, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचा आणि धाकट्या भावंडांसारखाच छळायचा. समितीत आणखी दोन सभासद होते. त्यातला एक पोराच्या लग्नासाठी ओशला गेला होता आणि दुसरा कालपासून फोन उचलत नव्हता.

दारात नुरतिलेकचा कोच तुरात उभा होता, हातात कागद फडकवत.

''एजे, नऊ सेकंद!'' तो आत येता येताच ओरडला. ''फक्त नऊ सेकंद उरले होते! दोन फेऱ्या आम्ही जिंकल्या होत्या. नऊ सेकंद पोरगं तग धरून राहिलं असतं तर अल्माटीच्या स्पर्धेला आम्ही जाणार होतो. चार मिनिटं एक्कावन्न सेकंदांना थांबवली लढत!''

''बस. आणि हळू बोल, मला ऐकू येतं.''

''झेनिशबेक विकला गेलाय. लेखी तक्रार आहे ही.''

कलबुबूने कागद वाचला. पंचाने लाच घेऊन खोटा टॅप जाहीर केला, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तक्रार खरी ठरली तर झेनिशबेकला जन्मभराची बंदी. संध्याकाळी चारला अल्माटीला नावं जायची होती, म्हणजे निकाल त्याआधी हवा. झेनिशबेकला पंचाचं काम तिनेच, पोलिसांच्या कुस्त्यांत स्वतः पंच असताना, शिकवलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून आजवर त्याने कुणाकडून चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. त्याच्या कपाळी लाचखोर हा शब्द लावायचा की नाही, हे आता तिने ठरवायचं होतं.

''पुरावा?'' तिने विचारलं.

''गुरुवारी दुपारी झेनिशबेक बेकबोलोतच्या मामाच्या घरातून बाहेर पडला,'' तुरात म्हणाला. ''मी पाहिलं. मान खाली घालून, इकडे तिकडे बघत चालला होता. लढतीच्या दोन दिवस आधी, एजे. आता बोला.''

कलबुबूने वाडगा बाजूला सरकवला. भूकच मेली होती.

२

झेनिशबेक सभागृहाच्या छोट्या कचेरीत येऊन बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कपडे कालचेच. रात्री झोपला नसणार. ती आत आली तसा तो उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. निकालाची वाट पाहणारी माणसं असंच पाहतात, म्हणून तिने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

''सांग,'' ती म्हणाली. ''एकदाच सांग, आणि नीट सांग.''

''नुरतिलेकचा डावा हात मला दिसत होता. तो बेकबोलोतचं मनगट ओढत होता. उजवा दिसत नव्हता, बेकबोलोतच्या गुडघ्याखाली कुठेतरी होता. मी पालथा झोपलो आणि तळहात जमिनीला लावला.''

''का?''

''कमरेचा पट्टा धरून खेळायच्या कुस्तीत आम्हाला असंच शिकवलं होतं. हात दिसत नसेल तर जमिनीला विचार. फळ्यांवरचं कापड ताणलेलं असतं, बोट आपटलं तरी कळतं.'' त्याने आपला तळहात टेबलावर ठेवला. ''तीन वेळा. धप, धप, धप. एजे, आईची शपथ, तीन वेळा आलं.''

''व्हिडिओत कुणाचा हात हललेला दिसत नाही.''

''मला दिसलं असं मी म्हणतच नाही. मला हाताला लागलं.''

कलबुबू उठली आणि कोपऱ्यातल्या किटलीकडे गेली. पाठमोरी राहूनच, कपात चहा ओतता ओतता तिने विचारलं, ''गुरुवारी बेकबोलोतच्या मामाकडे कशाला गेला होतास?''

मागून उत्तर आलं नाही. तिने दुसरा कप भरला, साखर घातली, ढवळली. तरी उत्तर नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मीच याला शिट्टी कशी धरायची ते शिकवलं आणि हा माझ्या प्रश्नाला मौनव्रत पाळतोय!

ती वळली. ''अरे, मी भिंतीशी बोलतेय का? गुरुवारी बेकबोलोतच्या मामाकडे कशाला गेला होतास?''

झेनिशबेकचा चेहरा लालबुंद झाला.

''ते माझं खाजगी आहे.''

''खाजगी? लढतीच्या दोन दिवस आधी एका लढवय्याच्या मामाकडे जातोस आणि म्हणतोस खाजगी? तुला एकाने पाहिलंय, आणि तो एक म्हणजे तुरात आहे! आज संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात बोभाटा होईल.''

''होऊ दे.''

''झेनिशबेक, एक वाक्य. फक्त एक वाक्य सांग आणि मी तो कागद फाडून टाकते.''

 त्याने चहा न पिताच कप मागे सरकवला.

''लाचखोर लिहायचं असेल तर लिहा, एजे,'' तो म्हणाला. ''मी सही करतो.''

३

सव्वीस वर्षांत कलबुबूने पुष्कळ खोटारडे पाहिले होते. खोटारडी माणसं बोलतात, फार बोलतात. तोंड शिवून बसलेल्या प्रामाणिक माणसाइतका डोक्याला ताप दुसरा कुणी देत नाही, हे तिचं मत त्या सकाळी आणखी पक्कं झालं.

तिने नुरतिलेकला बोलावलं. चोवीस वर्षांचा पोरगा, एक डोळा सुजलेला, दुसऱ्यात पाणी.

''टॅप केलंस?''

''नाही.''

''चुकून? पाय आपटला? कोपर?''

''एजे, उजवा हात त्याच्या गुडघ्याखाली अडकला होता, बोटंसुद्धा हलत नव्हती. पाय त्याने लपेटून धरले होते. आणि गळा कुठे आवळला होता? हनुवटीवरच होता त्याचा हात. दुखत होतं, पण श्वास चालू होता. बाहेरून तुरात कोच ओरडत होते, धर, धर, संपत आलं. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो.''

''शपथेवर?''

''माझी आई बाहेर उभी आहे. तिच्यासमोर म्हणतो.''

''नको, आईला आत आणू नकोस,'' कलबुबू घाईने म्हणाली. एक आई आत आली की तिच्यामागे चार मावश्या येतात, हा तिचा अनुभव होता.

मग बेकबोलोत आला. जिंकलेला माणूस, पण जिंकल्याची कळा चेहऱ्यावर कुठेच नाही. खुर्चीच्या कडेवर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून ती फिरवत राहिला. नारीनची माणसं कमी बोलतात, हा तर काकणभर जास्तच कमी बोलत होता.

''नुरतिलेकने टॅप केलं?''

''माझ्या अंगावर नाही.''

''म्हणजे?''

''अंगावर केलं असतं तर मला कळलं असतं. मी सोडलं असतं. आमच्यात तसंच आहे.''

''मग जमिनीवर?''

त्याने टोपी दोनदा फिरवली. ''त्याचा हात माझ्या गुडघ्याखाली होता. तो हलला नाही.''

''म्हणजे टॅप झालाच नाही, असं तू म्हणतोस? जिंकलेला तू?''

''तसं नाही म्हणत. धप धप झालं. माझ्या कमरेला जाणवलं. तीनदा. मला वाटलं, कुणीतरी जाळीवर लाथ मारतंय.''

कलबुबूच्या हातातलं पेन थांबलं. ''हे काल का नाही सांगितलंस?''

''कुणी विचारलं नाही.''

तिने कपाळावर हात मारून घेतला. आठशे माणसांनी एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार केला, पण ज्याच्या कमरेखाली जमीन होती त्याला एकानेही विचारलं नव्हतं.

''बरं, तुझा मामा काय करतो?''

''डॉक्टर आहे. पेशंट घरीपण येतात.''

''झेनिशबेक त्याच्याकडे आला होता?''

''मी सरावाला होतो. आणि मामा पेशंटचं घरात कधी बोलत नाही.'' त्याने प्रथमच वर पाहिलं. ''एजे, मला असा विजय नको. गावाकडे काय तोंड दाखवू?''

तो गेल्यावर कलबुबू एकटीच बसून राहिली. पंच खोटं बोलत नव्हता. नुरतिलेकही नाही. दोन माणसांच्या शरीरांनी तीन धप धप ऐकले होते, आणि पिंजऱ्यात आपटायला एकही हात मोकळा नव्हता.

मग आपटलं कुणी?

४

तिने नुरतिलेकच्या चुलतभावाच्या फोनवरचा व्हिडिओ सात वेळा पाहिला. आठव्या वेळी तिने चित्राकडे पाहायचं सोडून कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. चार पन्नास. चार एक्कावन्नला झेप. सकाळपासून तुरात नऊ सेकंद, नऊ सेकंद म्हणून डोकं उठवत होता, आणि तिने ते रडगाणं समजून सोडून दिलं होतं.

फेरी पाच मिनिटांची. शेवटचे दहा सेकंद उरले की वेळ पाहणारा माणूस दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटून इशारा देतो. म्हणजे नेमकं चार पन्नासला ठोकळे वाजायला हवे होते. व्हिडिओत आरडाओरडा एवढा होता की काही कळेना.

वेळ पाहायला चिनारा होती. बावीस-तेवीसची मुलगी, तुरातच्या बहिणीची लेक. हे कामही तिला तुरातनेच मिळवून दिलेलं.

''इशारा दिलास?''

''दिला की, एजे. नेहमीसारखा.''

''लाकडाने?''

''लाकडानेच.'' उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

''ठोकळे दाखव.''

''ते... घरी आहेत. कपाटात.''

''घर दोन गल्ल्या सोडून आहे. घेऊन ये.''

चिनारा जागची हलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कलबुबू उठून सभागृहात गेली. तिथे डॉक्टर ओल्गा पेत्रोव्ना आपली बॅग आवरत होती, तोंडाने अखंड पुटपुटत. वय सत्तर, आणि संघटनेवर राग साधारण तेवढ्याच वर्षांचा.

''टेबल बघ हे! पाय तोकडा. बाटल्या घरंगळतात. तीनदा लिहून दिलं, चौथ्यांदा देणार नाही.''

''ओल्गा पेत्रोव्ना, काल दहा सेकंदांचे ठोकळे ऐकलेत?''

''पहिल्या फेरीत दचकले. दुसऱ्या फेरीत पुन्हा दचकले, चहा सांडला. तिसरीत हात घट्ट धरून बसले होते, म्हटलं आता वाजेल, मग वाजेल. नाहीच वाजला. मेलं, काहीच धड होत नाही इथे.''

''टेबल तर आत्ता हलत नाहीये.''

''हलेल कसं? दुसऱ्या फेरीनंतर मी स्वतः खाली लाकूड सारलं. शेजारच्या टेबलावर पडलं होतं बेवारशी.''

कलबुबूला गुडघ्यांचा त्रास होता. तरीही ती कण्हत कुथत खाली वाकली. तोकड्या पायाखाली लाल रंगाचा लाकडी ठोकळा होता. त्याच्या एका बाजूला दोरीचं भोक होतं, आणि वापरून वापरून तिथला रंग उडाला होता.

५

दुपारी दोनला तिने सगळ्यांना पिंजऱ्याभोवती उभं केलं. तुरात हात छातीवर बांधून पुढेच होता.

''चिनारा,'' कलबुबू म्हणाली, ''तू सांगतेस की मी सांगू?''

चिनाराला रडू फुटलं. ''दुसऱ्या फेरीनंतर मी पाणी प्यायला गेले. आले तर एकच ठोकळा. शोधला, नाही सापडला. फेरी सुरू झाली. मग चार पन्नासला मी... जाळीखालून हात घातला आणि जमिनीवर जोरात मारलं. तीनदा. दुसरं काय करणार होते? टेबलावर मारलं तर त्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार!''

 वेळ पाहणारं टेबल जाळीला अगदी चिकटून होतं, आणि नुरतिलेक काल त्याच कोपऱ्यात पडला होता.

''आणि नंतर बोलली का नाहीस?''

''तुरातमामा ओरडायला लागला, विकले गेले, विकले गेले म्हणून! मी बोलले असते तर मलाच फाडून खाल्लं असतं.''

सगळ्यांच्या नजरा तुरातकडे वळल्या. आपल्या पठ्ठ्याला आपल्याच भाचीने हरवलं हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

''झेनिशबेक,'' कलबुबू म्हणाली, ''आत जा. काल होतास तसाच पड. चिनाराकडे पाय, आणि तोंड पलीकडे.''

तो पालथा झोपला आणि त्याने तळहात कापडाला लावला. चिनाराने जाळीखालून हात घालून तीन चापट्या मारल्या.

''हाच!'' झेनिशबेक ओरडत उठून बसला. ''एजे, हाच तो! अगदी हाच!'' रात्रभर न झोपलेला तो माणूस एखाद्या पोरासारखा हसत होता. बेकबोलोतनेही मान डोलावली.

''लढत रद्द,'' कलबुबू म्हणाली. ''कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. अल्माटीला दोन्ही नावं पाठवते. पुढच्या शनिवारी पुन्हा लढा, पंच बिश्केकहून येईल. लाचेची तक्रार फेटाळली. तुरात, तू सगळ्यांसमोर माफी मागशील, मोठ्याने. मोठ्याने बोलायची तुला सवय आहेच.''

''मागतो,'' तुरात म्हणाला. तो आडमुठा होता, पण मूर्ख नव्हता. ''मागतोच. पण एजे, एक राहिलंच. मी दहा पावलांवर उभा आहे. ती चापट बाहेरच्या कोपऱ्यातून आली हे मला इथूनही स्वच्छ कळलं. हा तर तिच्यापासून हातभर लांब होता. आवाज कुठून येतोय, हे बहिऱ्यालाही कळेल. याला कसं नाही कळलं?''

झेनिशबेक बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

''सगळे बाहेर जा,'' कलबुबू म्हणाली. ''उरलेलं मी लिहिते.''

माणसं पांगली. तिने बेकबोलोतचा दंड धरून त्याला दारापाशी थांबवलं.

''तुझा मामा. कसला डॉक्टर?''

''नाक, कान, घसा,'' बेकबोलोत म्हणाला.

६

ती परत पिंजऱ्यापाशी आली तेव्हा झेनिशबेक पायरीवर पाठमोरा बसून दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होता. तिने चिनाराने टेबलावर सोडलेला उरलेला ठोकळा उचलला, ओल्गा पेत्रोव्नाच्या टेबलाखालचा काढला. त्याच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही ठोकळे सगळा जोर लावून एकमेकांवर आपटले.

छताच्या लोखंडी पट्ट्यांवरची कबुतरं फडफडून उडाली. झेनिशबेकने नाडीची गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडली, आणि पुन्हा मारली.

कलबुबू पुढे येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने तिच्या हातातले ठोकळे पाहिले. मग वर उडणारी कबुतरं पाहिली आणि त्याला सगळं समजलं.

''कधीपासून?'' तिने विचारलं.

''डावा दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्यात थोडंसंच उरलंय. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, तोही राहणार नाही.''

''आणि लाचखोर म्हणवून घ्यायला तयार होतास? बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा?''

''लाचखोराला लोक शिव्या देतात, एजे. बहिऱ्याची कीव करतात.''

''मूर्खा!'' ती इतक्या जोरात ओरडली की ते बहुधा त्यालाही ऐकू गेलं. ''अरे गाढवा, मला सांगायचं होतंस. सकाळपासून माझं रक्त आटवलंस!''

''आता लिहू नका, एवढंच मागतो.'' त्याने हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच होता. ''चिनाराची चूक, माझा गैरसमज, एवढंच लिहा. खरंच आहे ते. मी सांभाळून घेतो. घंटा मला कळते, ती जमिनीत घुमते. लढवय्यांचे डोळे बघतो, तोंड बघतो. जमिनीला हात लावतो. एकोणीस वर्षांत हेच एक केलं मी. याच्याशिवाय मला काही येत नाही.''

तिला त्याचं ऐकावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. चार ओळी लिहायच्या, सही ठोकायची, घरी जाऊन तो वाडगा संपवायचा. कुणाचं काय बिघडलं?

''दोन्ही हात अडकलेला माणूस टॅप कसा करतो?'' तिने विचारलं.

 उत्तर त्याला ठाऊक होतं. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. दोन्ही हात अडकलेला माणूस ओरडतो, आणि ती किंकाळी म्हणजेच टॅप.

''आणि त्याचं तोंड जमिनीत दाबलेलं असेल तर? तू काय बघणार?''

 झेनिशबेकच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तो तिच्या मागे कुठेतरी पाहत होता.

''एप्रिलमध्ये,'' तो म्हणाला. ''त्यूपला. तो घोडेवाल्याचा पोरगा. एक हात पाठीमागे पिळलेला, दुसरा पोटाखाली. तोंड खाली होतं.''

 त्या दिवशी कलबुबू पहिल्या रांगेत बसली होती.

''त्याचं कोपर मोडलं,'' झेनिशबेक म्हणाला. ''मोडल्यावर मी थांबवलं. एजे, तो ओरडला होता का?''

खोटं सांगणं सोपं होतं. तो तिच्या ओठांकडे पाहत होता, एकेक अक्षर वाचायला.

''हो.''

''किती वेळा?''

''तीनदा.''

तो पायरीवरच बसून राहिला. दोन्ही तळहात त्याने मांड्यांवर पालथे ठेवले होते.

''मी त्याच्या बापाला मिठी मारली होती,'' तो म्हणाला. ''म्हटलं, पोरगा वाघ आहे तुझा. हाड मोडलं पण हूं की चूं केलं नाही. बाप नुसता बघत राहिला माझ्याकडे. मला वाटलं, अभिमानाने बघतोय.''

कलबुबू त्याच्या शेजारी बसली. सकाळपासूनचा सगळा वैताग एकाएकी तिच्यावरच उलटला होता. त्या पोराची पहिली किंकाळी तिने ऐकली होती, दुसरी ऐकली होती, तिसरीही. झेनिशबेक जुन्या वळणाचा, मुद्दाम ताणतोय, पंचाच्या कामात बाहेरच्याने पडू नये, असं तिने स्वतःला समजावलं होतं. बाहेर येताना कुणापाशी तरी कुरकुर केली होती, आणि तेवढ्यावर सोडून दिलं होतं.

तिने त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवलं, म्हणजे तिचं तोंड त्याला नीट दिसेल.

''मला ऐकू आलं होतं,'' ती म्हणाली. ''माझे कान शाबूत होते. मी उठले नाही.''

 झेनिशबेकने तिच्या मांडीवरचा निकालाचा कागद ओढून घेतला, पेन मागितलं आणि गुडघ्यावर ठेवून स्वतःच्या हाताने लिहिलं, की पंचाला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही, हे त्याने लपवलं आणि आजपासून तो पंच नाही. खाली सही केली. त्या ओळीखाली कलबुबूने एप्रिलची तारीख घातली, त्यूप लिहिलं आणि आपलं नाव लिहिलं.

''त्यूपची गाडी किती वाजता असते?'' त्याने विचारलं.

''साडेचारला,'' ती म्हणाली. ''मीही येते.''